पबमधला पैरा

पत्र

ताई, नमस्कार.

मी मूळची सांगलीजवळच्या एका गावातली, वय 26. गेल्या वर्षी बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू झाले. आमच्या वॉर्डातले सहा-सात जण महिन्यातून एका शुक्रवारी आधी पबमध्ये बसतात आणि मग कोपऱ्यावरच्या करी हाउसमध्ये जेवतात. मी दारू पीत नाही, पण माणसं मनानं चांगली आहेत म्हणून जाते. आतापर्यंत तीनदा गेले. पबमध्ये दर वेळी कुणी ना कुणी माझ्यासाठी ऑरेंज ज्यूस आणून ठेवतं. मी पैसे पुढे केले की ‘राहू दे’ म्हणून हसतात. आणि मागच्या महिन्यात कळलं, की ‘ती कधी राउंड देत नाही’ असं माझ्यामागे कुणीतरी बोललं. मी कंजूस आहे का?

करी हाउसमध्ये ‘तू इंडियन, तूच ऑर्डर दे’ म्हणून मेन्यूकार्ड माझ्या हातात देतात. त्यातलं निम्मं मी जन्मात ऐकलेलं नाही. गेल्या वेळी वैतागून मी मोठ्यानं म्हणाले, की हे काही खरं इंडियन जेवण नव्हे, ही लोकांची फसवणूक आहे. वेटरकाका मागेच उभे होते. मोडक्यातोडक्या हिंदीत ते एवढंच म्हणाले, ‘बेटी, माझ्या वडिलांनी हेच रांधून आम्हा पाच भावंडांना वाढवलं.’ सगळं टेबल गप्प झालं. त्यात बिल सगळ्यांत सारखं वाटलं गेलं, मी फक्त डाळ आणि नान खाल्ला होता तरी. आईला मी ‘मैत्रिणींबरोबर जेवायला गेले होते’ एवढंच सांगते, पबचं नाव काढत नाही. तेही मनाला लागून राहतं. आता वाटतं, जायचंच बंद करावं. काय करू?

– सांगलीची, सध्या मुक्काम बर्मिंगहॅम

उत्तर

अगं पोरी, जायचं बंद करू नकोस. परक्या देशात, बारा-बारा तासांच्या ड्युट्या करून थकलेली माणसं महिन्यातून एकदा तुला आवर्जून बोलावतात, ज्यूस आणून ठेवतात, ही लहान गोष्ट नाही. मी त्या भागात बावीस वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते. तिथला एकटेपणा थंडीसारखा असतो, हळूहळू हाडात शिरतो. ही शुक्रवारची संध्याकाळ तू सोडलीस, तर पुढचा हिवाळा तुला जड जाईल.

आधी राउंडचं बोलू, कारण ते सोपं आहे. तू सांगलीकडची, म्हणजे पैरा काय असतो हे तुला सांगायला नको. आज तुझ्या रानात भांगलण, माझ्या घरची दोन माणसं तुझ्याकडे. चार दिवसांनी माझी काढणी, तुझी दोन माणसं माझ्याकडे. मजुरीचा विषयच निघत नाही. आणि समजा, भांगलण उरकल्यावर तू शेजारणीच्या हातावर रोजाचे पैसे ठेवलेस, तर? तिला चांगलंच लागेल. पैरा पैशानं फिटत नाही, पैऱ्यानंच फेडावा लागतो. पबमधला राउंड म्हणजे अगदी हाच पैरा. एक जण उठतो, सगळ्यांना काय हवं ते विचारतो, काउंटरवर जाऊन पैसे देऊन सगळ्यांचं घेऊन येतो. पुढच्या वेळी दुसरा उठतो. तू ज्यूसचे पैसे पुढे केलेस तेव्हा त्यांना ते रोजाच्या पैशांसारखं वाटलं, म्हणून ते हसून ‘राहू दे’ म्हणाले. त्याचा अर्थ ‘कधीच देऊ नकोस’ असा नव्हता. ‘आत्ता नको, तुझी पाळी येईल तेव्हा बघू’ असा होता.

सात माणसांच्या टोळक्यात एका संध्याकाळी सात राउंड काही होत नाहीत. एक पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर, आणि पुढे जेवण असलं की बहुतेकांची गाडी दोन-तीनच्या पुढे सहसा जात नाही. म्हणून राहिलेली पाळी पुढच्या महिन्यावर जाते आणि लोकांच्या ती बरोबर लक्षात राहते. पहिल्या दोन वेळी कुणी काही बोललं नाही आणि तिसऱ्या वेळी बोललं, ते यामुळेच. तू कंजूस नाहीस. तुला कुणी रीत सांगितली नाही, आणि ज्यांना ती लहानपणापासून माहीत आहे त्यांना ती सांगावी लागते हेच ठाऊक नसतं. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. पहिला अख्खा हिवाळा मी दुसऱ्यांनी आणलेलं पीत बसले. मार्चमध्ये एका आयरिश सहकारिणीनं मला बाजूला घेऊन प्रेमानं समजावलं, तेव्हा घरी येऊन मी रडले होते. म्हणून तुझं दुखणं मला कळतं.

तेव्हा पुढच्या शुक्रवारी वेळेवर पोच. पहिले ग्लास पाव उरले की ऊठ आणि म्हण, ‘पुढचा माझा.’ एवढे दोन शब्द पुरतात. प्रत्येकाला काय हवं ते विचार, नावं लक्षात राहत नसतील तर फोनवर लिहून घे, त्यात काही कमीपणा नाही. कुणी गिनेस, म्हणजे ती काळी आयरिश बीअर, सांगितली तर काउंटरवर ती सगळ्यात आधी सांग, कारण ती दोन टप्प्यांत ओततात आणि मधे ग्लास निवळायला ठेवतात. काउंटरपाशी रांग दिसत नाही, पण कुणाच्या आधी कोण आलं हे पलीकडचा माणूस आणि अलीकडची गिऱ्हाइकं, दोघंही डोक्यात ठेवतात. नोट हलवायची नाही, हाक मारायची नाही, नजरानजर होईपर्यंत शांत उभं राहायचं. तीन ग्लास दोन्ही हातांच्या ओंजळीत त्रिकोण करून नेणारी माणसं तू पाहिली असशीलच. तू तसलं धाडस करू नकोस, ट्रे माग. आणि जाता जाता क्रिस्प्सची, म्हणजे आपल्या बटाटा वेफर्सची, दोन पाकिटं घे. ती नुसती तोंडाशी फोडायची नाहीत. पाठीमागचा सांधा वरून खालपर्यंत उकलायचा, चंदेरी कागद ताटासारखा पसरायचा आणि टेबलाच्या मधोमध ठेवायचा. कुणी न बोलता सगळ्यांचे हात तिकडे जातील. माझ्या अनुभवात, नवख्या माणसाला आपलंसं करायला याच्याइतकं सोपं काही नाही.

आता पैशाचं. सात जणांचा राउंड म्हणजे तीसेक पौंड गेले, आणि नर्सच्या पगारात, घरी पैसे पाठवत असताना, ते टोचतात. हे मनात ठेवून कुढू नकोस. केरळची वगैरे एखादी सहकारीण असेल तर दोघी मिळून एक राउंड द्या, चालतं. मोठ्या घोळक्यात तिघा-चौघांचे वेगळे राउंडही चालतात. किंवा किटीचं सुचव: सगळ्यांनी सुरुवातीलाच सारखी वर्गणी काढायची, एकाकडे द्यायची, संपेपर्यंत त्यातून आणायचं. आणि ज्या दिवशी खरंच जमणार नाही, त्या दिवशी आल्या आल्या सांग, ‘आज मी फार थांबणार नाही, माझं मी घेते.’ कुणालाही वावगं वाटत नाही. फक्त हे पहिला ग्लास स्वीकारायच्या आधी सांगायचं. घेतल्यावर सांगितलं की गोष्ट बिघडते.

दारू न पिण्याबद्दल तू माफीच्या सुरात लिहिलं नाहीस, याचा मला फार आनंद झाला. तशीच राहा. ‘नको, मला लाइम सोडा’ एवढं एकदा म्हणायचं, कारण द्यायचं नाही. गाडी चालवणारे, औषधं घेणारे, धर्मानं न पिणारे, नुसतंच न आवडणारे, सगळे तिथं बसलेले असतात. बर्मिंगहॅममध्ये तर कित्येक मुस्लिम सहकारी पब वगळून थेट जेवायला येतात, तोही मार्ग तुला मोकळा आहे.

आता त्या वेटरकाकांकडे येते. खरं सांगू का, तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. आणि तुलाही लागलं आहे, नाहीतर त्यांचं वाक्य तू शब्दन् शब्द लिहिलं नसतंस.

तू म्हणालीस ते पुरतं चूक नव्हतं. ते जेवण सांगलीचं नाही, दिल्लीचं नाही. ते ब्रिटनमध्ये घडलेलं जेवण आहे. 2001 मध्ये तिथले परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात चिकन टिक्का मसाल्याला खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हटलं होतं. पण ‘वेगळं’ म्हणायच्या जागी तू ‘फसवणूक’ म्हणालीस, आणि तेही ज्यांनी ते घडवलं त्यांच्या देखत.

कुणी घडवलं, तेही ऐक. लंडनमध्ये हिंदुस्थानी खाणावळ पहिल्यांदा 1810 मध्ये पाटण्याच्या शेख दीन मुहम्मदनं काढली, उच्चभ्रू लोकांसाठी, आणि दोन वर्षांत तो दिवाळखोरीत गेला. जे टिकलं ते फार वेगळ्या माणसांनी टिकवलं. आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे पुरुष ब्रिटिश जहाजांवर खलाशी म्हणून जायचे, बरेचसे खाली इंजिनखान्यात, भट्टीत कोळसा ओढायला. त्यातले काही लंडनच्या गोदीत उतरले ते परत जहाजावर चढलेच नाहीत. दुसऱ्यांच्या मुदपाकखान्यात भांडी घासली, कांदे सोलले. दुसऱ्या महायुद्धानंतर बाँबहल्ल्यांत मोडकळलेल्या, बंद पडलेल्या खाणावळी स्वस्तात मिळायच्या, त्या त्यांनी घेतल्या. आधी तळलेले मासे आणि बटाट्याचे जाड तळलेले तुकडे (तिथं त्यांना चिप्स म्हणतात) विकले, सोबत थोडी करी. पब रात्री अकराच्या सुमारास बंद व्हायचे, घंटा वाजायची, आणि भुकेली माणसं रस्त्यावर यायची. त्या वेळी बाकी सगळ्यांच्या चुली विझलेल्या असत, यांच्या पेटत्या असत. आधी पब आणि मग करी, ही तुझ्या वॉर्डाची रीत तिथून आली आहे. तिच्यामागे कुणाच्या तरी पहाटे तीनपर्यंतच्या उभ्या रात्री आहेत.

आणि चव अशी का, तेही त्याच घाईतून. ओळखीनं मला एकदा आत जाऊन बघायला मिळालं होतं. मोठ्या पातेल्यात कांदाच कांदा, थोडं आलं-लसूण, हळद, तेल, आणि पाणी घालून तास-दोन तास शिजत ठेवलेलं. मग ते सगळं घुसळून गुळगुळीत, पिवळसर, खिरीएवढं पातळ. ऑर्डर आली की तव्यावर तेल, लसूण, मसाल्याची पूड, टोमॅटोची पेस्ट, आधीच शिजवलेलं चिकन, आणि वरून या रश्श्याचे दोन डाव. जाळ फक्कन वर यायचा, आचाऱ्याचा हात मागे व्हायचा नाही. पाच-सहा मिनिटांत ताट बाहेर. पबमधून एकदम वीस माणसं आली तर दुसरं करणार काय? आपल्या लग्नघरचे आचारीही वाटण आधीच करून ठेवतात.

राहिला ‘इंडियन’ पाटीचा प्रश्न. 1947 पर्यंत सिल्हेट हिंदुस्थानातच होतं, आसाम प्रांतात. त्या वर्षी सार्वमत झालं आणि बहुतेक जिल्हा पूर्व पाकिस्तानात गेला, 1971 मध्ये तो बांगलादेश झाला. काकाही तिकडचेच असावेत, म्हणजे त्यांच्या वडिलांची पिढी इंग्रजांच्या हिंदुस्थानात जन्मलेली. देश दोनदा बदलला, दारावरची पाटी तीच राहिली. मला तरी ती पाटी खोटी वाटत नाही.

म्हणून माझं ऐक. एखाद्या मंगळवारी-बुधवारी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, गर्दी व्हायच्या आत एकटी त्या हॉटेलात जा. काकांना गाठ आणि सरळ सांग: ‘काका, त्या दिवशी मी चुकीचं बोलले, मला माहीत नव्हतं, माफ करा.’ लांबण लावू नकोस, टिप वाढवून भरपाई करू नकोस, फुलंबिलं नेऊ नकोस. बोलून झाल्यावर बस आणि जेव. आणि जमलं तर विचार, ‘तुम्ही लोक स्वतः काय जेवता?’ करी हाउसमधली माणसं मेन्यूकार्डावरचं खात नाहीत, त्यांचं वेगळं शिजतं. मासे, भात, पातळ डाळ, कधी शुटकी, म्हणजे आपली सुकटच. तुझ्याशी बोलताना त्यांच्या तोंडून आधी वडिलांचं नाव निघालं. त्या माणसाला कुणीतरी विचारायला हवं आहे.

एवढं केलंस, की ‘तू इंडियन, तूच ऑर्डर दे’ याचं उत्तरही सापडतं. मेन्यूकार्ड मिटव आणि म्हण, ‘यातलं मला काकांपेक्षा कमी कळतं, त्यांनाच विचारू या.’ हे खरंही आहे. मद्रास, विंदालू ही तिथं गावांची-पदार्थांची नावं कमी आणि तिखटाच्या पायऱ्या जास्त. विंदालू मूळचा गोव्याचा, पोर्तुगिजांच्या वाइन-लसणातल्या मांसावरून आलेला, गोव्यात तो व्हिनेगरमध्ये मुरवतात. तिथं तो नुसता जाळ झाला आणि ‘आलू’ ऐकू आलं म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यात बटाटाही पडतो. पेशवारी नानाचा शनिवारवाड्याशी काही संबंध नाही, तो पेशावरच्या नावाचा, खोबरं-बेदाणे भरलेला गोड नान. ओनियन भजी मात्र आपलीच कांदाभजी, चेंडूएवढी गोल होऊन आलेली. आणि बाँबे आलू खाऊन बघ, डोशातल्या भाजीच्या आणि आपल्या नेहमीच्या बटाट्याच्या सुक्या भाजीच्या मधे कुठेतरी बसतो. कुणी ‘तू इंडियन, मग सगळ्यात तिखट खाऊन दाखव’ म्हणालं, तर खुशाल सौम्य कोर्मा माग.

एकदा सगळ्यांना तुमच्या बर्मिंगहॅममधल्याच लेडीपूल रोडकडे घेऊन जा, असंही सुचवते. तिथली बालटी नावाची करी ही सिल्हेटची नव्हे, मीरपूर-काश्मीरकडच्या पाकिस्तानी लोकांनी 1970 च्या दशकात बर्मिंगहॅममध्येच रुजवलेली. पातळ पत्र्याच्या कढईत मोठ्या जाळावर भराभर करतात आणि तीच कढई चरचरत समोर येते. सोबत टेबलभर पसरणारा एक नान, सगळ्यांनी मिळून तोडायचा. काटा-चमचा नाही. तिथं कुणी ऑर्डर द्यायला सांगणार नाही, पण नान एका हातानं कसा तोडायचा आणि रस्सा बोटांच्या वर न जाऊ देता घास कसा उचलायचा, हे सगळे तुझ्याकडे बघून शिकतील. बऱ्याच बालटी हाउसमध्ये दारू मिळत नाही, ज्यांना हवी ते बाहेरून स्वतःची आणतात. राउंडचा प्रश्नही त्या दिवशी मिटतो.

बिलाचं थोडक्यात. आपल्याकडे कॉलेजात टीटीएमएम चालतं, तुझं तू माझं मी. तिथं करी हाउसात सगळं मधोमध ठेवून वाटून खातात, म्हणून बिलही सारखं वाटतात. चार-पाच पौंडांचा फरक असेल तर सोडून दे आणि पुढच्या वेळी मधोमधच्या पदार्थांत तूही हात घाल, नुसत्या डाळीवर बसू नकोस. फरक पंधरा-वीस पौंडांचा होत असेल, बाकीच्यांच्या बीअर त्यात धरल्या जात असतील, तर ऑर्डर देतानाच सांग, ‘पेयं वेगळी लावू या.’ बिल आल्यावर सांगू नकोस. आणि टिपमधून पैसे वाचवू नकोस. ऑक्टोबर 2024 पासून तिथं कायदा आहे, टिप आणि सर्व्हिस चार्ज मालकाला ठेवता येत नाही, तो काम करणाऱ्यांना द्यावा लागतो. म्हणजे काकांना.

आईला सांग. आईच्या डोळ्यांसमोर पब म्हणजे पुण्यातले अंधार, दिवे, कानठळ्या आणि टीव्हीवरच्या बातम्या. तिला कुणी दुसरं काही दाखवलेलंच नाही. एका रविवारी दुपारी वॉर्डातल्या कुणाबरोबर जा, जेव्हा आजी-आजोबा, नातवंडं, कुत्री अशी सगळी रविवारचं जेवण घ्यायला आलेली असतात, आणि तिथूनच तिला व्हिडिओ कॉल लाव. टेबलावरचा लाइम सोडा दाखव, सहकारिणींशी दोन शब्द बोलू दे. काळजी करेल, पहिल्यांदा दोन प्रश्न जास्त विचारेल. विचारू दे. तिच्यापासून लपवलेली गोष्ट तुला त्या टेबलावर मोकळं बसू देत नाही, हे तुझ्या पत्रात दिसतं.

आणि काकांनी सातकरा घातलेलं काही वाढलं, तर मला जरूर कळव. सिल्हेटचं आंबट फळ आहे, जाड सालीचं, ती सालच कालवणात घालतात. मला त्याचा वास ईडलिंबासारखा वाटला होता, आमच्या आजीच्या लोणच्यातल्या. तुला कसा वाटतो ते लिही.

– ताई